किसनरावांचं नाक आणि बेटावरची बाटली

फौजेत असताना किसनराव तायड्यांनी किती पेग भरले याची गणती नाही, पण स्वतः एकही चाखला नाही. ते ऑफिसर्स मेसचे हवालदार होते. साहेब लोक उठून गेले की मेसमधली बाकीची पोरं पेल्यात उरलेलं गटकन पोटात टाकायची. किसनराव नाही. त्यात सोवळेपणा नव्हता, उष्टं प्यायचं नाही एवढीच त्यांची अट होती. वासाला मात्र त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पेला धुण्याआधी ते तो नाकाशी धरायचे. असं करता करता त्यांना व्हिस्कीचा नाद लागला, न पिता.

मेसच्या काचेच्या कपाटात एक बाटली होती. परदेशी पाहुण्यांनी भेट दिलेली, स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची. जिथे ती गाळली ती भट्टी कधीच बंद पडली होती, त्यामुळे शौकीन लोक तिच्या एका घोटासाठी आयुष्यभर झुरतात, असं साहेब सांगायचे. पलटणीच्या वाढदिवशी ती उघडली. सगळ्यांना थोडी थोडी मिळाली. किसनराव मागे पेले धुवायला बसले, त्यातला एक नाकाशी नेला, आणि नळ वाहत राहिला तरी त्यांना भान नव्हतं.

मेजर रणदिवे पाणी प्यायला आत आले होते. त्यांनी विचारलं, "किसन, काय झालं?"

"साहेब, हे मले एकदा पिऊन पाहायचं आहे."

"मग पी ना. आहे की तळाशी."

"असं नाही. बसून. माझ्या पेल्यात."

मेजर हसले नाहीत. म्हणाले, "मला कधी ही बाटली मिळाली, तर तुला समोर बसवून पाजीन."

पुढे बदल्या झाल्या. किसनराव निवृत्त होऊन नांदुऱ्याजवळच्या आपल्या गावी आले. घरी पत्नी जनकाबाई होत्या, आणि जनकाबाईंसमोर व्हिस्कीचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून मतदान झालं तेव्हा घरोघर फिरून बायांना बाहेर काढणाऱ्या त्याच. मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला मतं जास्त पडली, दुकानाला कुलूप लागलं. किसनरावांनी तेव्हा सभेच्या मांडवाचे बांबू ओढले आणि मनापासून ओढले. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, मद्य न पिण्याच्या शीलाला मात्र त्यांचा आवाज जरा खाली जायचा. जनकाबाईंच्या ते लक्षात होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

मग करोना आला. किसनराव त्यातून उठले, पण वास गेला. वय झालं म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. एके सकाळी गॅसवर दूध जळून कोळसा झालं, शेजारची बाई धावत आली, आणि किसनराव शेजारीच पेपर वाचत बसलेले. जनकाबाई घाबरल्या. "उद्या गॅस सुटला त काय कराल?"

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेले रणदिवे बोलत होते. "किसन, बाटली मिळाली. तीच. माझ्या पंचाहत्तरीला उघडतोय. तू येतोयस."

किसनराव खाटेवरून उठून उभे राहिले. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि नाक बंद. वासाशिवाय ती व्हिस्की म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं तिखट पाणी.

"साहेब, मले वास येऊन नाही राह्यला. थोडं थांबता काय?"

"किती?"

"ते नाही सांगता येत. पण मी नाक परत आणतो."

 मग ब्रिगेडियर म्हणाले, "बाटली एवढी वर्षं थांबली आहे. थांबेल अजून."

फोन ठेवला तर जनकाबाई दारात उभ्या. किसनरावांनी काही लपवलं नाही, मेसपासून सगळं सांगितलं. जनकाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गावात मी बाटली आडवी केली, अन् तुमी पुण्याले जाऊन उभी करता?"

"एक पेला. आयुष्यात एक."

"माझा भाऊही एकच म्हणे."

 तरी किसनरावांनी जायचं सोडलं नाही.

मलकापूरच्या डॉक्टरने सांगितलं की रोज ठरावीक वास घेत राहा, नाक पुन्हा शिकतं, पण खात्री नाही. किसनराव तिथून थेट बाजारात गेले, फकीर मोहम्मदच्या अत्तराच्या दुकानात. फकीर मोहम्मद त्यांचा शाळेतला सोबती. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, म्हणून किसनरावांनी कारण आधीच सांगून टाकलं.

फकीर मोहम्मद दाढी कुरवाळत राहिला. "किसनभाऊ, शराबसाठी मी अत्तर काऊन देऊ?"

"नको देऊ. मी दुसरीकडून घेतो. पण तुझ्याशी खोटं नाही बोलत."

"बैस बे." त्याने कपाटातून खस, गुलाब आणि मातीचं अत्तर काढलं. "नाक अल्लाची देन आहे. ते दुरुस्त करण्यात गुन्हा नाही. पुढचं तुझं तू पाहा."

त्या दिवसापासून किसनराव पहाटे अंगणात बसू लागले. डोळे मिटायचे, कुपी नाकाशी धरायची, खस कसा असतो ते आठवायचं. काही येत नसे. पुन्हा धरायची. गावातले लोक जाता-येता हसत. काही आठवड्यांनी वास आला तो भलताच. गुलाबाला जळक्या रबराचा वास, कांद्याला सडका, भाकरीलाही तोच. ताटावरून उठावं लागे. अंगावरचं मांस उतरलं. जनकाबाई म्हणाल्या, सोडून द्या. किसनराव नाकाला फडकं बांधून जेवले, आणि सकाळी पुन्हा कुपी घेऊन बसले.

मग एका पहाटे जनकाबाई पाट घेऊन समोर येऊन बसल्या. "डोळे मिटा," म्हणाल्या, आणि मुठीतलं काहीतरी त्यांच्या नाकाखाली धरलं. "सांगा."

"रबर."

"लवंग आहे. उद्या पुन्हा." मग जरा थांबून, "दारूसाठी नाही करत मी हे. तुमी घरात जळून मराल म्हणून करते."

असं ते दोघं पावसाळाभर आणि पुढे हिवाळाभर बसले. ओवा, लिंबू, मेथी, हिंग. हट्टाला हट्ट भेटला होता. एके दिवशी जनकाबाई म्हशीसाठी सरकीची ढेप भिजवत होत्या आणि किसनराव लांबून म्हणाले, "ढेप जुनी आहे काय? खवट वास येते." जनकाबाई हात तसाच घमेल्यात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ढेप जुनीच होती.

ब्रिगेडियरची पंचाहत्तरी केव्हाच होऊन गेली होती. बाटली बंद होती. किसनरावांनी फोन केला, तिकीट काढलं, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी जनकाबाईंनीही आपली पिशवी भरली.

"मी समोर बसते. एक म्हणजे एक."

"हाव," किसनराव म्हणाले.

पुण्याच्या त्या घरात ब्रिगेडियर एकटेच राहत. त्यांनी किसनरावांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभं राहून बाटली उघडली. किसनरावांना बसवेना, ते दोनदा उठले. "बस," ब्रिगेडियर जुन्या आवाजात म्हणाले, तेव्हा ते बसले. पेला हातात आला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. धूर होता, खारट काहीतरी होतं, त्याखाली वाळलेल्या फळासारखं गोड. रबर कुठेच नव्हतं. मग त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटपणाचं की कशाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कशी आहे?" ब्रिगेडियरनी विचारलं.

"साहेब, वास मोठा आहे. चव त्याच्या मागं मागं येते."

जनकाबाईंनी हात पुढे केला. "इकडे द्या." किसनराव दचकले. जनकाबाईंनी पेला घेतला, प्यायल्या नाहीत, नुसता हुंगला, आणि नाक मुरडलं. "हा त दवाखान्याचा वास आहे."

ब्रिगेडियर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "वहिनी, मोठमोठे जाणकार हेच लिहितात, फक्त भारी शब्दांत."

किसनरावांनी पेला संपवला. ब्रिगेडियरनी बाटली पुन्हा पुढे केली तेव्हा त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला. जनकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, त्यांना ते बघायची गरज पडली नाही.

रात्रीच्या गाडीसाठी दोघं स्टेशनवर बाकावर बसली होती. जनकाबाईंनी विचारलं, "झालं समाधान?"

"झालं."

"मंग आता?"

किसनरावांनी मान वर केली. पलीकडच्या गाड्यावर कोणीतरी मिरच्या तळत होतं. "आता जेवू," ते म्हणाले. "लय भूक लागली."