लहान पिशवी, मोठी पिशवी
सिरसाळ्याच्या मनिषाला लहानपणापासून एक खोड, 'कावून?' विचारायची, म्हणजे 'का?' शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी कावून? ड्रायव्हर बसमध्ये चढताना स्टेअरिंगच्या पाया कावून पडतो? लग्न होऊन आली आणि आठवडाभरात सासू छबुबाई टेकीला आल्या. "आगं बाय, भाकर थापायला बी कावून लागतंय का तुला?" पण कुरकुरत का होईना, त्या उत्तर द्यायच्या. सासू-सुनेचं मेतकूट त्यातूनच जमलं.

मनिषाला दिवस गेले तशा दोघी परळीच्या एका दवाखान्यात गेल्या. डॉक्टर प्रियदर्शनी बोलायला गोड, पण बाहेर बायकांची ही गर्दी. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पिशवी रिकामी दिसतेय. दोन आठवड्यांनी परत या, मग ठरवू."

आणि जन्मात पहिल्यांदा मनिषानं कावून विचारलं नाही.

कारण त्यांच्यासारख्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि पिशवी म्हटलं की पुढचा शब्द एकच: काढली. शेजारच्या वत्सलाबाईची काढली, तिच्या जावेची काढली, खुद्द छबुबाईंची तर ऐन तारुण्यात काढली. 'मग ठरवू' म्हणजे काय ठरवणार, हे दोघींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी आल्यावर ती नवऱ्याला, रामेश्वरला, एवढंच म्हणाली, "बाळ न्हाई म्हने. पिशवी काढत्याल." तो बिचारा भिंतीला टेकून बसला तो बसलाच.

दोन-तीन दिवस तसेच गेले. मग मूळ स्वभाव उसळला. रिकामी आहे तर मळमळतंय कावून? चिंच बघून तोंडाला पाणी कावून सुटतंय? आणि रिकाम्या पिशवीचा कुणाला काय त्रास, की ती काढायची? तिनं छबुबाईंना उठवलं आणि दोघी पुन्हा डॉक्टरांच्या दारात उभ्या.

पिशवी कावून काढायची, हे ऐकून डॉक्टर आधी हसल्या आणि मग ओशाळल्या. दोन्ही तळवे जोडून त्यांनी पोकळी केली. "ही मोठी पिशवी, गर्भाशय. हिच्या आत बाळाची लहान पिशवी असते. ती रिकामी दिसतेय. कदाचित दिवस कमी भरले असतील, बाळ अजून दिसायचं असेल. कदाचित धरलंच नसेल. आज मलाही सांगता येत नाही."

"तुमाला बी न्हाई?" एवढं मशीन असून कळत नाही, याचं मनिषाला भारी नवल वाटलं. "आन् मोठी?"

"मोठीला हात लावायचं कारणच नाही."

मनिषाच्या जिवात निम्मा जीव आला. उरलेला निम्मा बाळापाशी अडकलेला. सकाळी मळमळलं की खूश, नाही मळमळलं की घाबरीघुबरी. उलटीची इतक्या आशेनं वाट बघणारी बाई गावानं पाहिली नसेल. धुणं धुता धुता ती पोटाकडे बघून हळूच विचारायची, "हाइस का रं?" आतून काही येणार नाही हे ठाऊक असूनही क्षणभर कान देऊन थांबायची.

दोन आठवड्यांनी पडद्यावर लहान पिशवी रिकामीच होती.

या वेळी डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसल्या. "बाळ धरलं नाही, मनिषाताई. ओझं उचलल्यानं नाही, कशानं नाही. तुमची काही चूक नाही. ती लहान पिशवी पडून जायला गोळ्या देते. मोठी पिशवी धडधाकट आहे, पुन्हा दिवस जायला काही हरकत नाही."

मनिषा हमसून हमसून रडली. छबुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तो मध्येच थांबला.

"मॅडम, रामेश्वरच्या पाठीवर मला बी आसंच झालतं. माझी बी लहानच रिकामी आसंल का?"

"असेल, मावशी."

"मंग मोठी कावून काढली वो?"

मनिषानं सासूला जवळ ओढलं, तेव्हा छबुबाईही रडल्या.