ट्रॅव्हिक कुणाचा

अठरा वर्षांत व्हर्लिन स्टकीने मला इतक्या वेळा गंडवलंय की त्याचा निरोप आला की मी आधी माझा संघ चाचपून बघते, गर्दीत पाकीट चाचपावं तसा.

ओहायोतल्या आमच्या हार्लन मिल्समध्ये आम्ही बारा जण हा खेळ खेळतो. आमचा अमेरिकी, बॉल हातात घेऊन पळायचा फुटबॉल खेळतात ती टीव्हीवरची धिप्पाड पोरं. आम्ही फक्त त्यांना आपापल्या संघात वाटून घेतो. रविवारी त्यांनी मैदानात जे कमावलं, त्याचे गुण आमचे; दर आठवड्याला दोघादोघांची गाठ, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. घेतलेला खेळाडू निवृत्त होईपर्यंत तुमचा, नाहीतर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. मी डार्ला. शाळेची बस चालवते, बारांतली एकटी बाई, आणि तोंडाची फटकळ.

व्हर्लिनने चाळीस वर्षं बुटांचं दुकान चालवलं. तिथे लोक बूट कमी घ्यायचे आणि सल्ला जास्त. कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांची नावं आमच्या कानावर पडायच्या दोन वर्षं आधी त्याला पाठ असायची. "पळतात रे सगळेच," म्हणायचा, "पोरगा थांबतो कसा ते बघ." कुणी विचारलं, याला विकू का, तर हा विचारणार, "वय काय त्याचं? सत्तावीस? आजच विक. बॉल पोटाशी धरून पळणारा गडी सव्विशीनंतर ठेवायचा नाही. दयाच येत असेल तर कुत्रं पाळ."

नियमही त्यानेच लिहिलेले. फोनवर सौदा मान्य केला की केला; मोडायचा तर सगळ्यांसमोर कारण सांगून मतं घ्यायची. मुद्दाम हरायचं नाही. आणि ज्याला संघ सांभाळता येत नाही, त्याचा संघ काढून दुसऱ्याला द्यायचा. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा व्हर्लिनने महिन्याच्या आत त्याचा संघ काढून घेतला होता. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

ट्रॅव्हिक नावाचा, बॉल झेलणारा पोरगा त्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हेरला होता. त्याचा सराव बघायला बायकोला, लोरीनला, गाडीत घालून तीन तासांवर इंडियानात गेला. मागच्या मे महिन्यात नव्या पोरांच्या निवडीत पहिल्याच फटक्यात त्याला उचललं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की बटाट्याच्या सॅलडचं भांडं उडालं. मी तेव्हापासून त्याच्यामागे लागले होते. "जीव माग, देतो," म्हणायचा, "ट्रॅव्हिक नाही."

आणि ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, शाळा सुटायची वाट बघत मी बसमध्ये बसले असताना, फोनवर त्याचा निरोप आला. व्हर्लिन मला ट्रॅव्हिक देत होता. बदल्यात मागत होता बोमनला. बोमन! एकतीस वर्षांचा, बॉल घेऊन पळणारा, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेला. मी म्हटलं, यात गोम आहे. ट्रॅव्हिकचा पाय मोडला का, पोलिसांनी धरला का, सगळ्या बातम्या चाळल्या. काही नाही. घंटा झाली, पोरं धावत सुटली. म्हातारा मन बदलेल म्हणून मी घाईघाईने 'मान्य' दाबलं. त्या दिवशी पोरांनी कितीही गोंधळ घातला तरी मी कुणावर ओरडले नाही.

शुक्रवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. मी टेबलाटेबलावर सांगत सुटले, "म्हाताऱ्याला लुबाडलं की नाही!" सगळे हसले, व्हर्लिनही हसला. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "हस, हस. बोमन बावीसचा आहे, डार्ला. अजून दहा वर्षं पळेल."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

गाडीपाशी लोरीनने माझा दंड धरला. "जूनपासून चाललंय हे. डॉक्टरकडे जाऊन आलो. मधली वर्षंच जातात गं त्याची. कुणाला बोलू नकोस. संघ काढून घेतील. तेवढंच उरलंय त्याच्याकडे."

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. उघड सौदा मोडावा तर त्याचा आजार बाराच्या बारा जणांना सांगावा लागणार. न मोडावा तर मी आजारी माणसाला लुटलेलं. म्हणून घरी जाऊन गुपचूप उलटा सौदा पाठवला: ट्रॅव्हिक घे, बोमन दे. नाकारला. वर माझी पुढच्या वर्षीची पहिली निवड ठेवली. नाकारली. तिसऱ्यांदा त्याचाच फोन.

"मला खुळा समजतेस का गं? एवढं देतेस म्हणजे यात गोम आहे!"

"काही गोम नाही रे बाबा. घे ना!"

"बुटाला अजून चिखलही न लागलेला कोवळा बोमन देऊ तुला? जा, बस चालव."

काय करणार? मुद्दाम हरायचं म्हटलं तर तेही त्याच्याच नियमात बसत नव्हतं.

पुढच्या रविवारी माझी गाठ त्याच्याशीच होती. लोरीनने बोलावलं म्हणून दुपारी सामना बघायला त्यांच्या घरी गेले. व्हर्लिन नेहमीसारखा मांडीवर वही घेऊन बसलेला, एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला माझं. बोमन जखमी म्हणून बाकावर होता. टीव्हीवर तो दिसला तेव्हा व्हर्लिनने विचारलं, "हा कोण म्हातारा?" लोरीन स्वयंपाकघरात निघून गेली.

सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात बॉल उंच गेला. समोरच्या संघातल्या दोघांच्या मधून ट्रॅव्हिकने उडी मारून झेलला, मैदानाच्या कडेवर गपकन थांबला, वळला आणि गुणांच्या रेषेपार गेला.

व्हर्लिन ताडकन उभा राहिला. "बघितलंस? थांबला कसा बघितलंस? माझा पोरगा! तीन वर्षं सांगतोय मी!" त्याचे डोळे भरून आले होते. माझा हात धरून म्हणाला, "आणि मागू नकोस हं पुन्हा. जीव माग, देतो."

"नाही मागणार," मी म्हटलं.

माझ्या खिशात फोन थरथरला. ट्रॅव्हिकचे गुण माझ्या बाजूला पडले होते, आणि तेवढ्याने मी त्याला हरवलं होतं. व्हर्लिनने पेन्सिल उचलली, तेच गुण वहीत स्वतःच्या नावाखाली लिहिले, दोनदा बेरीज करून बघितली.

"हरलीस, डार्ला," तो म्हणाला.

"हो रे," मी म्हटलं. "हरले."