आबांचा पखवाज आणि डिकीतला बोल्ट

आमचं घर भुशी धरणाच्या रस्त्यावर. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या धडधड गाणी वाजवत जातात, खिडकीच्या काचा थरथरतात आणि मी प्रत्येक गाडीच्या नावानं बोटं मोडते. माझे सासरे, म्हणजे आबा, मात्र ओट्यावर बसून खुशीत असतात. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणलं होतं, ते कानात मुंग्या चावल्यासारखं होतंय म्हणत त्यांनी कपाटात टाकलं. एकदा अशीच एक गाडी गेली आणि आबा म्हणाले, "ही ऐकू येती बघ मला. पाठीतनं."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आबा मूळचे जवळच्या इंदुरी गावचे. तिथल्या भजनात त्यांनी जन्मभर पखवाज वाजवला. गायला त्यांचे दोस्त, ज्यांना अख्खं गाव भाऊ म्हणतं. आबांचे कान जात आले होते, तेव्हा देवळात दोघांनी एकत्र केलेलं शेवटचं भजन माझ्या मोबाइलमध्ये होतं. आबांना ते कधी धड ऐकूच आलं नव्हतं. म्हटलं, पाठीतून तर पाठीतून. आमच्या जुन्या गाडीच्या डिकीत वूफर आणि अॅम्प्लिफायर बसवायचा ठरवला. नवरा म्हणाला, दुकानात दे. असं कुणी म्हटलं की माझे हात जास्तच शिवशिवतात. घरातले मिक्सर, इस्त्री, पंखे मीच उघडते आणि बहुतेक वेळा परत जोडतेसुद्धा.

जोडणी एका दमात चालली. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाची घुमारी सीटमधून पाठीत शिरली तशी आबांनी डोळे मिटले आणि बोटं गुडघ्यावर चालू झाली. नंतर म्हणाले, भाऊला गाडीत बसवून एकदा ऐकायचंय. भाऊ येत्या रविवारी दुपारी मुलीकडे नागपूरला निघणार होते, कायमचे. म्हणजे रविवारची सकाळ हातात होती, त्यापुढं काही नाही.

आणि त्याच आठवड्यात अॅम्प्लिफायर रुसला. हळू आवाजात सगळं ठीक. पखवाजाची थाप जोरात पडली की लाल दिवा लागायचा आणि आवाज गप्प. शिवाय अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा, जितका वेग तितका मोठा डास.

मी फ्यूज बघितला, चांगला होता. स्पीकरच्या वायरी एकेक सोडवून बघितल्या, कुठं एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. मोबाइलची केबल बदलली. डास तसाच. मग मीटर काढला. बॅटरीवर व्होल्टेज पुरेपूर. अॅम्प्लिफायरवरही पुरेपूर, पण पखवाज वाजला की एकदम खाली. म्हणजे वीज निघते, पण वाटेत कुठंतरी घोडं पेंड खातं. लाल वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत बोटांनी चाचपत गेले. तीही निर्दोष.

वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परतही यावं लागतं. गाडीत ती पत्र्यातूनच परत येते, म्हणून अॅम्प्लिफायरची काळी वायर डिकीतल्या एका बोल्टखाली पत्र्याला आवळलेली असते. त्या बोल्टकडे मी दोनदा बघितलं होतं. घट्ट होता, चकचकीत होता. शिवाय ती जागा मी स्वतः पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली होती, तिच्यावर शंका घेणं म्हणजे स्वतःवर घेण्यासारखं. शनिवारी संध्याकाळी दुसरं काही उरलंच नाही, तेव्हा पाना लावला.

खाली छान तांबडा रंग. रेड ऑक्साइड. दोन हात, ब्रशचा एकही ओघळ नाही.

आमच्या भागात पाऊस लोखंड खाऊन टाकतो. त्यामुळे उघडं लोखंड दिसलं की माणसाचा हात आपोआप रंगाच्या डब्याकडे जातो. पावसाळ्याच्या तोंडावर आबांनी फाटक, जाळ्या, पहार, एवढंच काय, शेजाऱ्यांची न मागता शिडीही रंगवली होती. त्या आठवड्यात रंगाचा डबा मी गाडीतूनच आणला होता आणि तो डिकीतून काढायला गेले होते आबा. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

मी बोल्ट हातात घेऊन ओट्यावर गेले. रागावायचं ठरवून गेले होते. आबांनी बोल्ट बघितला, मग माझं तोंड बघितलं.

"व्हय, मीच," ते म्हणाले. "बोल्ट काढून रंगवलं नि परत आवळलं. तेवढंच उघडं ऱ्हायलं हुतं. पावसात सडलं असतं, पोरी."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की रंगातून वीज जात नाही, त्यानंच तुमचा पखवाज अडवलाय. त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठं गेला. उठले, माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला आणि डिकीत वाकून स्वतः रंग खरवडायला बसले. मी वायर आवळली. डास गेला, दिवा गेला. आबांनी तरीही ब्रश आणला आणि डिकीच्या फळीवर त्याच रेड ऑक्साइडनं लिहिलं : हितं रंग लावू नये.

रविवारी सकाळी इंदुरीत किल्ल्याच्या भिंतीलगत गाडी लावली. आबा पुढं माझ्या शेजारी, भाऊ मागच्या सीटवर. भजन लावलं, आवाज वाढवला. लाल दिवा लागतो का म्हणून माझा जीव टांगणीला, पण थापा पडत राहिल्या आणि आबांची बोटं गुडघ्यावर फिरत राहिली. एका जागी बोटं अचानक थांबली. तेवढ्यात भाऊ पुढं वाकून आबांच्या कानात मोठ्यानं म्हणाले, "हितं चुकलाहेस बघ तू."

आबा हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले, "ऐकलं मी."

भाऊंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं.