भावाला कॅसिनोच्या दारात उभं करायला निघाले होते...

परवा शनिवारी सकाळी सदाशिव पेठेतून गाडी काढली आणि सख्ख्या धाकट्या भावाला शेजारी बसवून गोव्याच्या रस्त्याला लागले. फिरायला वगैरे नाही. तिथल्या कॅसिनोत त्याला आत घेतात की दारातूनच परत पाठवतात, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

थोडं मागचं सांगते. नितीन खराडीला एका आयटी कंपनीत आहे. गेली काही वर्षं त्याच्या ‘टीम आउटिंग’ फार व्हायच्या आणि प्रत्येक वेळी गोव्यालाच... टीम वगैरे काही नसायची, हा एकटाच कॅसिनोत जाऊन बसायचा. मुलीच्या वाढदिवसाला घरी सगळे केक घेऊन वाट बघत होते आणि हा तिथे फोन बंद करून टेबलावर होता. त्यानंतर मेघना, म्हणजे त्याची बायको, मुलीला घेऊन नाशिकला माहेरी निघून गेली.

मग एक दिवस हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, मी स्वतःवरच बंदी घालून घेतली. तो जायचा त्या सगळ्या कॅसिनोंना त्याने आपला फोटो आणि ओळखपत्र देऊन कळवलं होतं, की यापुढे मला आत घेऊ नका, मी कितीही मागे लागलो तरी. अशी सोय असते म्हणे.

माझा काडीचा विश्वास बसला नाही. गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवण्यात आमच्या पेठांचा हात कोणी धरणार नाही, पण गिऱ्हाईकच ‘मला हाकला’ म्हणून सांगून येतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि धंदा करणारे ते ऐकतील?

मेघनाला मात्र आशा वाटली. फोनवर म्हणाली, ताई, मला आता त्यांचं खरं-खोटं कळेनासं झालंय, तुम्ही बघा, तुम्हाला खात्री पटली तर मी येते. मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेते हे तिला माहीत आहे... आता तिचा संसार माझ्या एका हो-नाहीवर येऊन थांबला होता.

मी चौकशीला लागले. एका कॅसिनोत फोन केला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की कोणाचीही माहिती देता येत नाही, आणि वर मलाच वीकेंडचं पॅकेज हवंय का विचारलं. झालं... संशय दुप्पट. नितीनने बंदी घातल्याचा त्यांचा ईमेल दाखवला, तर वाटलं, आयटीवाला माणूस, घरी बसून तयार केला असेल.

शेवटी मीच डोकं लढवलं. याला घेऊन जायचं आणि दारात उभं करायचं. परत पाठवलं तर खरं, आत घेतलं तर थापा. नितीन ‘बघ बाई’ एवढंच म्हणाला... मी मात्र स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

नवले पूल मागे पडला तसं त्याचं काहीतरी बिनसलं. तळहात सारखे पँटला पुसत होता, रेडिओ लावत होता, लगेच बंद करत होता. मी मनात म्हटलं, सोंग उघडं पडणार म्हणून घाम फुटलाय. वर मुद्दाम विचारलंही, एसी वाढवू का म्हणून.

पुढे घाटातल्या बोगद्याच्या अलीकडे एक चहाची टपरी दिसली, तिथे त्याने गाडी थांबवायला लावली.

मी म्हटलं, “खोटं होतं ना सगळं? आत्ताच सांग, पेट्रोल तरी वाचेल.”

तो समोर बघत म्हणाला, “ताई, त्यांनी ओळखलंच नाही आणि आत सोडलं, तर?”

“तर मला कळेल, तू खोटं बोललास.”

“तुला कळेल गं... पण मी आत गेलेलो असेन.”

मग एकेक बाहेर आलं. गाडीत बसल्यापासून त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. शनिवारची गर्दी असेल, तपासणी ढिली असेल, आता दाढी वाढलीय, ताई तर बाहेरच थांबेल... सांगता सांगता तो रडला. चाळिशीतला माणूस. म्हणाला, “माझी मला खात्री असती तर बंदी कशाला घालून घेतली असती?”

ज्या दारापासून तो स्वतःला लांब ठेवायला धडपडत होता, त्याच दाराशी मी त्याला गाडीत घालून नेत होते. त्याच्यावर संशय घेण्यात मी स्वतःला फार तरबेज समजायचे, पण या बाबतीत तो माझ्या कितीतरी पुढे निघाला.

चहा घेतला आणि गाडी वळवली.

घरी आल्यावर मेघनाला फोन करून झालं ते सगळं सांगितलं. तिने विचारलं, खात्री पटली का? मी म्हटलं, नाही पटली, आणि त्यालाही पटलेली नाही, म्हणून तर तो खरं बोलतोय असं मला आता वाटतं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते, पण एका दिवसापुरती, आणि परतीचं तिकीट काढूनच. अगदी बरोबर करतेस, म्हटलं.

हे सगळं नितीनला विचारूनच लिहितेय. खरं तर लिही असं तोच म्हणाला. खालचा फोटोही त्यानेच निवडलाय, पोट आत घेतलेलं आहे, पण माणूस तोच... कॉलेजमधल्या आणि ऑफिसमधल्या सगळ्या मित्रांना टॅग कर, असंही म्हणाला.

तर मंडळी, गोव्याला निघालात तर त्याला ‘चल रे’ म्हणू नका. आणि ‘मी आता बरा आहे, नुसता समुद्र बघायला येतो’ असं त्याने कितीही शपथेवर सांगितलं, तरी कृपा करून विश्वास ठेवू नका. तुम्हाला हे सांगायला त्यानेच सांगितलंय.