कावळा शिवायच्या आधी

बोरगावात आमच्या गल्लीत कुणी गेलं, की रक्षाविसर्जनाची वेळ व्हॉट्सअपवर टाकायचं काम माझ्याकडं. शेजारचे आप्पा गेले तेव्हाही मीच टाकली. पण आप्पांना बाहेरगावी कोण ओळखणार, म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: मालिकेतल्या अमक्या नटीचे वडील. शहाणपणा माझा! ती नटी म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आणि मेसेज ओळखीच्या माणसांतच फिरेल असं मला वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी निपाणी, चिक्कोडी, पार बेळगावहून माणसं हजर. केळीच्या पानावर निवद मांडलेला: दहीभात, कांदाभजी, आप्पांचा बिनसाखरेचा चहा, विडीचं बंडल. त्याच्याभोवती मोबाईल धरलेले हातच हात. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली उतरायला त्यांना जागा तर पाहिजे!

अर्धा तास गेला. "आप्पांच्या मनात कायतरी राहिलंय," म्हातारी माणसं म्हणायला लागली. अशा वेळी घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, मग कावळा शिवतो. आप्पांच्या मागं काकू एकट्या पडलेल्या, म्हणजे शब्द लेकीनंच द्यायचा. ती पुढं झाली, हात जोडले, "आप्पा..." म्हणाली, तोवर एकीनं मोबाईल अगदी तिच्या तोंडाशी नेला. "मॅडम, जरा इकडं बघा."

"मेल्यांनो, बाप गेलाय तिचा!" मी ओरडले. एकदोघांना ढकललंसुद्धा. लोक हसले आणि माझंही शूटिंग घेतलं. राग तरी कुणावर काढू? आवतण माझंच होतं.

मैत्रिणीनं मला बाजूला ओढलं. "मी हितनं गेल्याबिगर ही माणसं हलणार न्हाईत गं. तू सांग आप्पास्नी. आईला एकटी ठेवत न्हाय, माझ्याकडं नेते म्हणावं."

"आगं, लेक तू हैस त्यांची!"

"म्हणून तर जाते," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी हलली तशी सगळी गर्दी तिच्या मागं पळत सुटली.

नदीकाठ मोकळा झाला. मी हात जोडून तिचा शब्द आप्पांना सांगितला. मोठ्यानं सांगितला. दोन कावळे उतरले, एकानं भजी उचलली. काकू मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी लगेच तिला फोन लावला. "शिवला गं," म्हटलं. पलीकडून नुसता हुंदका आला, आणि गाडीच्या काचेवर कुणीतरी टकटक करत असल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी मच्छेला, मी कामाला जाते त्या कारखान्यात, डबा खाताना माझ्या सोबतिणीनं मोबाईल पुढं केला. काचेतून काढलेला माझ्या मैत्रिणीचा फोटो. कानाला फोन, डोळ्यांतून पाणी. खाली लिहिलेलं: कावळा शिवायच्या आधीच बापाला सोडून निघाली.

"बघ की गं, बापासाठी थांबायला व्हईना हिला. आणि वर रडतीया. लई नाटकी."

मी हातातला घास डब्यात ठेवला. "त्या फोनवर पलीकडं मी हाय," मी म्हटलं. "कावळा शिवला म्हणून सांगत होते. ती गेली म्हणूनच तो आला."

सोबतीण म्हणाली, "व्हय? मग हे टाक की गं ग्रुपवर!"

"एकदा टाकलं तेवढं बास झालं," मी म्हटलं आणि डबा झाकला.