कडकशेठचा दवाखान्याचा शर्ट

आमच्या ह्यांना बाजारात कडकशेठ म्हणतात. शेठ कसले, इस्त्रीचं दुकान आहे आमचं. एक टेबल, दोन इस्त्र्या आणि भिंतीला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे. पण ह्यांच्या हातची घडी मोडायला गिऱ्हाइकं कचरतात. स्वतःचा थाटही तसाच. दूध आणायला निघाले आणि शर्टाला सुरकुती दिसली, तर दारातून मागे फिरतील. लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून ‘परवडत नाही’ असं कधी ऐकलं नव्हतं मी. छप्पर गळत होतं तेव्हाही नाही. ‘बघू’ म्हणायचे. ह्यांचं ‘बघू’ म्हणजे खिसा रिकामा, हे फक्त मला ठाऊक.

मागच्या वर्षी एका वकिलाच्या शर्टाची बाही करपली. मग एक साडी. डाव्या बाजूचं ह्यांना नीट दिसतच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढलाय; गेली ती नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालायचे.

दवाखान्यात जाताना ह्यांनी ठेवणीतला शर्ट काढला होता. पँटची धार अशी की भाजी चिरावी. डॉक्टर बाई तरुण, बोलायला गोड. त्यांनी नवीन निघालेले थेंब लिहून दिले आणि ‘जमेल ना काका?’ विचारलं. ‘अगदी,’ म्हणाले हे. औषधाच्या दुकानात बाटलीची किंमत मी दोनदा विचारून घेतली.

घरी आल्यावर सुरू झालं. एक दिवस थेंब, एक दिवस सुट्टी. मी भांडले. तर म्हणतात, डॉक्टरला आपली ऐपत कळली की उपचारही तेवढ्यापुरतेच होतात. रागाने अंगाची लाही लाही झाली माझ्या, पण खरं सांगू, भीती मलाही तीच होती. म्हणून गप्प बसले.

तिसऱ्या खेपेला डोळ्यातला दाब तसाच. डॉक्टर काळजीत पडल्या. थेंब लागू पडत नाहीत, ऑपरेशनचा विचार करू या, म्हणाल्या.

‘बघू,’ म्हणाले हे.

ते ऐकलं आणि मला कळलं, हा माणूस ह्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायचा नाही. आज हा डोळा, उद्या तो. मग इस्त्री कोण धरणार आणि आम्ही खाणार काय?

‘डॉक्टर, औषधाचा दोष नाही,’ मी म्हणाले. ‘हे एक दिवसाआड घालतात. बाटली झेपत नाही आम्हाला.’

मी भर बाजारात अंगावरचा शर्ट ओढून काढावा, तसं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार.

‘चूक माझी, काका,’ त्या म्हणाल्या. ‘खर्चाचं मी आधीच विचारायला हवं होतं.’

‘का? मी गरीब दिसतो?’ हे उसळले.

‘नाही ना. तिथेच तर फसले मी.’

मग डॉक्टरांनी दम्याचा त्रास आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर जुन्यातले थेंब सांगितले. किंमत पावपट, पण दिवसातून दोनदा घालायचे आणि थोडे झोंबणार. ऑपरेशनचा आकडाही सांगून टाकला. आधी हे घालून बघू, मग ठरवू, म्हणाल्या. स्वस्त म्हणजे कमी गुणाचं का, ह्यांनी विचारलंच. तसं असतं तर दिलंच नसतं, असं उत्तर आलं.

परतताना माझ्याशी अबोला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच विचारत होते, थेंबांची बाटली कुठे ठेवलीस म्हणून. पुढच्या खेपेला दाब उतरला होता, ऑपरेशन लांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी आमच्या आधी एक बडे कापडवाले होते, हातात सोन्याचं घड्याळ. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर त्यांनाही तेच विचारत होत्या, खर्च झेपेल ना. तेही चाचरत होते. ह्यांची मान जरा सैल झाली.

आमची पाळी आली. नजरेची एक तपासणी करायला हवी, डॉक्टर म्हणाल्या, किंमत सांगितली आणि विचारलं, ‘करू या का आज?’

ह्यांनी बाहीवरून हात फिरवला. मी ‘बघू’ची वाट बघत बसले.

‘ह्या महिन्यात परवडत नाही,’ हे म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात केली तर चालेल?’

‘चालेल की,’ डॉक्टर म्हणाल्या आणि तारीख लिहून दिली.

जिन्यावर ह्यांनी विचारलं, रडतेस कशाला. काही नाही, म्हटलं मी, आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हात धरला.