धोंडीमामांचे तंबू

मेंढरांमागून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे धोंडीमामांकडे जाऊन आलं की किस्से चिकटतात. मी लातूरचा, नोकरी हिंजवडीत, आणि शनिवार-रविवार मुक्काम मुळशी धरणाकाठी मामांच्या तंबूत! मामांची मेंढरं आहेत, शिवाय पाहुण्यांसाठी चार तंबू आणि एक होडी.

*

एका पाहुण्याने ऑनलाइन रिव्ह्यू टाकला : 'जागा सुंदर, पण पहाटे मेंढ्यांचा फार आवाज.' मी तो मामांना वाचून दाखवला. मामा गंभीर झाले.

"मेंढरांना सांगतो. पर त्यांनी बी तक्रार केलीया, ह्यांच्या गाण्याची!"

*

ऐन जेवणात अंधार झाला. मुंबईची मंडळी ओरडली, "मामा, लाइट गेली!"

"तुमच्याकडंच गेलीया," मामा भाकरी वाढत म्हणाले. "आज्याच्या टायमापासनं तिकडंच जातीया!"

मुंबईच्या विजेसाठी धरण बांधलं, त्यात मामांच्या आज्याचं गाव बुडालं. हे मी पाहुण्यांना सांगितलं. मामा मात्र हसत होते.

*

पाहुण्यांना होडीतून फिरवताना मामा पाण्यात एका ठिकाणी थांबून चपला काढतात. खाली गावाचं देऊळ आहे. मग पाहुणेही काढतात. एका बाईंनी हळूच विचारलं, "सॉक्स चालतील ना?"

*

एका कंपनीने अख्खा सीझन बुक करायची तयारी दाखवली. अट एकच, पाण्यावर तरंगता डीजे, तोही नेमका त्याच जागी. म्हणे तिथनं फोटो झकास येतात! मामांचा जीव खालीवर झाला. त्यांचा मुलगा संतोष महाळुंग्याला एका सोसायटीत वॉचमन आहे. हे काम मिळालं असतं तर तो घरी परत येणार होता.

"मामा, देऊळ पाण्याखाली. कुणाला दिसतंय?" कंपनीचे साहेब म्हणाले.

"आपल्याला न्हाई दिसत. पर देवाला वरचं दिसतंय की!"

बुकिंग गेलं.

पोराला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मामांना जेवण जाईना. मलाही फार वाईट वाटलं. रविवारी संतोष ड्युटीवरून थेट आला. मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याने होडी सोडली आणि आम्हा दोघांना बसायची खूण केली.

देवळाची जागा आली. संतोषने वल्हं बाजूला ठेवलं आणि वाकून ड्युटीच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. गाठी काही सुटेनात.

मामांचे डोळे भरले होते. पण बोलल्याशिवाय राहतील ते मामा कसले!

"सावकाश काड, बाबा. देव कुटं पळतोय?"